बिघडलेलं पोरगं आणि त्याची पहिली तीन वर्षं : सांगली जिल्ह्यातल्या पालक-शिक्षकांशी बोलायचंय

माणदेशी मास्तर

मी खानापूर-आटपाडी पट्ट्यातल्या एका माध्यमिक शाळेत शिकवतो. नववी-दहावीचे वर्ग माझ्याकडे असतात. दर वर्षी वर्गात तीन-चार पोरं अशी असतात, की त्यांचं नाव निघालं की स्टाफरूममध्ये सगळे एकदम बोलायला लागतात. एकाला कुणाचा नुसता धक्का लागला तरी तो समोरच्याचं डोकं बाकावर आपटतो. दुसरा तासाला असून नसल्यासारखा. त्याला रागवा नाहीतर शाबासकी द्या, चेहऱ्यावर काही उमटत नाही. एक मुलगी आहे, मैत्रीण दुसरीबरोबर डबा खायला बसली एवढ्यावरून तिनं हाताला ब्लेड लावून घेतलं. मग पालकांना बोलावणं, माफीनामा लिहून घेणं, दाखला हातात देण्याची धमकी. कारणंही ठरलेली: मोबाईल, संगत, फाजील लाड.

मला ही कारणं पुरत नाहीत. मोबाईल तर सगळ्याच वर्गाकडे आहे, संगतही तीच. म्हणून घरभेटीला गेलो की मी एक प्रश्न आवर्जून विचारतो, ‘हा चालायला-बोलायला लागला तेव्हा कुणाजवळ होता?’

आपल्याकडं गलाईचा धंदा. विटा, आटपाडी भागातली माणसं सोनं-चांदी गाळायला देशभर पसरलेली आहेत. पोर दीड-दोन वर्षांचं झालं की गावी आज्जीजवळ, आई-बाप दुकानावर. शाळेचं वय झालं की त्याला तिकडं न्यायचं, तिथली भाषा जमली नाही की तिसरी-चौथीत परत गावी, सातवीत मामाकडं. प्रत्येक वेळी निर्णय पोराच्या भल्यासाठीच घेतलेला. आणि प्रत्येक वेळी ज्याला बिलगायचं ते माणूस बदललेलं.

गलाईवाल्यांची सगळी पोरं बिघडतात असं मी अजिबात म्हणत नाही. कितीतरी गुणी पोरं याच घरांतून शिकून पुढं गेली. आणि ज्यांना त्रास आहे अशांतली निम्मी तर आई-वडिलांजवळच वाढलेली आहेत. तिथं वेगळी गोष्ट निघते: बाप पिऊन यायचा, आई बाळंतपणानंतर वर्षभर गप्प होती, जुळ्यांतलं एक गेलं आणि घर त्याच्याच दुःखात राहिलं.

२०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात १३ ते १७ वयोगटातल्या ७.३ टक्के मुलांना मानसिक आजार आढळला. म्हणजे साठांच्या वर्गात चार. ही चार कोण, हे कुठलाही वर्गशिक्षक सांगेल. मला ती चौदाव्या वर्षी कळतात. चौथ्या वर्षी ती कुणाला कळली असती का? आणि कळली असती तर काय करता आलं असतं? जाणकारांनी आणि पोरं वाढवणाऱ्या सगळ्यांनीच लिहा.

जुना पैलवान

सर, मनापासून लिहिलंय, पण पटलं नाही. आम्ही पाच भावंडं. आई पहाटे रानात जायची, आम्ही आज्जीच्या आणि थोरल्या बहिणीच्या कडेवर वाढलो. चुकलं की तात्यांच्या पट्ट्याचा मार. तालमीत वस्तादही हाणायचे. कुणाचं काही बिघडलं नाही. आताच्या पोरांना धाक उरला नाही, खरं दुखणं ते आहे.

कृष्णाकाठ

पैलवानदादा, मी मिरजेत मुलांचं समुपदेशन करते. तुमच्या आठवणीत आज्जी रोज आहे, थोरली बहीण रोज आहे. सकाळी डोळे उघडल्यावर जे माणूस दिसायचं तेच रात्री कुशीत घ्यायचं. लहान मुलाला नेमकं हेच लागतं. ते माणूस आईच असायला हवं असं नाही, पण ठरलेलं हवं, आणि रडल्यावर धावून येणारं हवं.

मास्तरांचा प्रश्न जुना आहे. लंडनला जॉन बोल्बी नावाचे मनोविकारतज्ज्ञ होते. चोऱ्या करणाऱ्या ४४ मुलांचा अभ्यास त्यांनी १९४४ साली छापला. त्यांतली १४ मुलं त्यांना भावनाशून्य वाटली, कुणाबद्दल जिव्हाळा नाही, केल्याचं वाईट वाटणं नाही. त्या १४ पैकी १२ जणांची अगदी लहानपणी आईपासून दीर्घकाळ ताटातूट झाली होती. या अभ्यासात उणिवा होत्या. मुलं थोडी, तपासणारे आणि निष्कर्ष काढणारे तेच. पुढं मायकेल रटर यांनी दाखवलं की नुसत्या ताटातुटीपेक्षा तिच्या आगेमागे घरात काय चाललं होतं, भांडणं, आजारपण, दुर्लक्ष, त्याचा परिणाम जास्त असतो. पण बोल्बींनी दाखवलेली दिशा टिकली.

आता धाकाबद्दल. मारणं, चावणं, ढकलणं सगळ्यांत जास्त कुठल्या वयात असतं? चौदाव्या नव्हे, दोन-तीन वर्षांच्या. कॅनडातल्या रिचर्ड ट्रेंबले यांनी मुलांना वर्षानुवर्षं पाहून हे मांडलं. बहुतेक मुलांत हे शाळेत जाईपर्यंत कमी होतं, कारण तोवर त्यांना बोलता यायला लागतं, थांबता यायला लागतं. काही थोड्यांत ते कमी होत नाही, आणि वर्गात डोकी आपटणारी बरीचशी पोरं त्यांतलीच असतात. हात आवरायचा कसा हे दोन वर्षांच्या पोराला शिकवायला शांत डोक्याचं मोठं माणूस जवळ लागतं. मारून आपण त्याला नेमकं उलटं दाखवतो. दीड लाखाहून जास्त मुलांवरच्या अभ्यासांचा एकत्र आढावा २०१६ साली निघाला. त्यात साध्या फटक्यांचाही संबंध पुढच्या आक्रमकपणाशी आणि मनाच्या तक्रारींशी दिसला. तुमचं चांगलं झालं त्याचं श्रेय मी पट्ट्याला देणार नाही. तुमच्या आज्जीला देईन.

द्राक्षबाग

तासगावकडचा आहे, द्राक्षबागेतलं सांगतो. एप्रिल छाटणीनंतर काडीच्या डोळ्यात, म्हणजे कोंबात, घड धरतो. ऑक्टोबर छाटणीनंतर तो फक्त बाहेर दिसतो. एप्रिलला पाणी-खत चुकलं तर ऑक्टोबरला कितीही फवारा, वांझ फुटी निघतात. पोरांचं असंच असेल तर मास्तरांच्या नववीच्या पोरांचं काही होणार नाही, असा अर्थ निघतो. तो खरा आहे का?

कृष्णाकाठ

सुरुवातीपुरतं खरं, शेवटाला नाही.

रोमेनियात १९८९ ला हुकूमशहा चाउशेस्कूची राजवट पडली तेव्हा सरकारी अनाथगृहांत हजारो बाळं सापडली. खाण्यापिण्याचे हाल होतेच, आणि उचलून घेणारं कुणी नव्हतं. पुढं २००० साली बुखारेस्टमध्ये अशा १३६ मुलांवर अभ्यास सुरू झाला. चिठ्ठी टाकून निम्म्यांना सांभाळणाऱ्या कुटुंबांत पाठवलं. जी साधारण दोन वर्षांच्या आत कुटुंबात गेली त्यांची माणसांशी नाळ चांगली जुळली, बुद्धीची वाढही जास्त भरून निघाली. उशिरा गेलेल्यांना तितकं मिळालं नाही, पण अनाथगृहातच राहिलेल्यांपेक्षा त्यांचंही बरंच काही सुधारलं. वेळेला महत्त्व आहेच.

पण हवाई बेटांतल्या काउआईचंही ऐका. तिथं १९५५ साली जन्मलेल्या ६९८ मुलांना एमी वर्नर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चाळिशीपर्यंत गाठून पाहिलं. गरिबी, व्यसन, आई-बापांचा मानसिक आजार अशा घरांतली जी जास्त धोक्यातली मुलं होती, त्यांतलीही एक तृतीयांश धडधाकट, कर्ती माणसं झाली. त्यांच्या आयुष्यात एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसली, की कुणीतरी एक भरवशाचं मोठं माणूस. आज्जी, मावशी, शेजारीण, आणि कितीदा तरी शिक्षक. किशोरवयात भरकटलेल्यांपैकीही बरेचसे तिशीपर्यंत मार्गाला लागले होते.

वेलीचा हंगाम हुकला की त्या वर्षापुरता हुकला. मुलाच्या बाबतीत काम अवघड होतं, जास्त वेळ लागतो, पण दार बंद होत नाही.

वारणाकाठी

वाचतोय. मोबाईलचं काय पण? कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगावला २०२२ पासून संध्याकाळी सातला भोंगा वाजतो, दीड तास घरोघरी टीव्ही-मोबाईल बंद. पोरं अभ्यासाला बसतात.

कृष्णाकाठ

त्या भोंग्यातलं मला जास्त आवडलं ते असं की मोठ्यांचाही मोबाईल बाजूला पडतो. १९७० च्या दशकात एडवर्ड ट्रॉनिक यांनी एक साधा प्रयोग केला. आई तान्ह्याशी हसत-बोलत खेळते, मग दोन-तीन मिनिटं चेहरा निर्विकार ठेवून नुसती बघत राहते. बाळ आधी हसून बघतं, हात पुढं करतं, ओरडतं, शेवटी मान फिरवतं. तेवढी दोन-तीन मिनिटं त्याला सोसत नाहीत. मोठ्यांची मान तासन्‌तास खाली असेल तर त्या घरातल्या तान्ह्याचं काय होत असेल, याचा विचार करा.

पलूसची अंगणवाडीताई

मास्तर, चौथ्या वर्षी कळतं का, असं विचारलंत. कळतं. त्याच्या आधीही कळतं. पण आमच्याकडून कुणी ते विचारत नाही.

१९७५ ला अंगणवाडीची योजना सुरू झाली तेव्हापासून जन्मापासून सहा वर्षांपर्यंतचं पोर आमच्याकडं आहे. तीन ते सहाची पोरं केंद्रात येतात, गाणी म्हणतात, गरम जेवतात. तीनच्या खालची घरीच. त्यांच्या घरी आम्ही पाकिटं देतो, वजन-उंची घेतो, ॲपवर चढवतो. वजन कमी निघालं तर वरून फोन येतो. आई रात्रभर रडते, घरात बोलायला कुणी नाही, नवरा हात उगारतो, पोर कुणाकडं बघून हसतच नाही, हे लिहायला रकाना नाही. मी ते माझ्या वहीत लिहिते. वजन भरलेलं पण डोळ्याला डोळा न देणारं पोर मला जास्त काळजीचं वाटतं.

दुसरं दुखणं ऊसतोडीचं. दिवाळीच्या सुमारास बीडकडनं, आपल्या जतकडनं तोडणी मजुरांच्या टोळ्या येतात. कारखान्याजवळ त्यांच्या कोप्या, म्हणजे पाचटाच्या झोपड्या, पडतात. पहाटे अंधारातच नवरा-बायको फडावर. तान्हं पोर फडाच्या कडेला चिंधीच्या झोळीत, नाहीतर कोपीवर सात-आठ वर्षांच्या बहिणीच्या हवाली. म्हणजे दोन लेकरांचं नुकसान एकदमच. तान्ह्याला सांभाळणारं माणूस स्वतःच लेकरू, आणि त्या बहिणीची शाळा, खेळ, रडण्याचा हक्क सगळं त्या झोळीला बांधलेलं. पुढं तीच पोरगी सोळाव्या वर्षी ‘उद्धट झाली’ म्हणून लग्नाला उभी करतात.

या पोरांना आम्ही केंद्रात घेऊ शकतो, पत्ता इथला नसला तरी. मी कोपीवर जाऊन आणते. पहिले काही दिवस ती पोरं जेवतात आणि भिंतीला टेकून बसतात. कुणी उचललं तर अंग ताठ करतात. रोज त्याच बाईनं, त्याच वेळी, नावानं हाक मारली की हळूहळू जवळ येतात. मग मार्च-एप्रिलात टोळी उठते.

लेक माहेरची

ताई, तुमच्या वहीत माझंही नाव बसलं असतं. पहिल्या बाळंतपणात माहेरी सांगलीला होते. बाळ रडलं की मला काहीच वाटायचं नाही, नुसतं पळून जावं वाटायचं. सगळे बाळ बघायला यायचे, डिंकाचे लाडू आणायचे. आईला वाटलं बाळंतवात. आमच्या काकूच्या लक्षात आलं, ती डॉक्टरांकडं घेऊन गेली. औषध आणि बोलणं, दोन्हींनी काही महिन्यांत बरी झाले. तोवर बाळाला काकूनंच सांभाळलं. मुलगी आता तिसरीत आहे, छान आहे.

कृष्णाकाठ

खूप बरं केलंत लिहून. भारतातल्या अशा अभ्यासांची २०१७ साली एकत्र मोजदाद झाली, तेव्हा बाळंतपणानंतर नैराश्य येणाऱ्या बायकांचं प्रमाण सुमारे २२ टक्के निघालं. पाचांत एक. आणि बहुतेकींना ते ‘नाटकं’ म्हणून ऐकावं लागतं.

यावर गावपातळीवरच इलाज होऊ शकतो. पाकिस्तानात रावळपिंडीजवळच्या खेड्यांत आपल्या आशाताईंसारख्या आरोग्य कार्यकर्त्यांना थोडं शिक्षण देऊन घरोघरी पाठवलं, त्याचे निकाल २००८ साली आले. बाळ सहा महिन्यांचं होईतो त्या गावांतल्या अशा आयांपैकी २३ टक्के नैराश्यात उरल्या, बाकीच्या गावांत ५३ टक्के. जमैकात १९८६-८७ मध्ये वाढ खुंटलेल्या बाळांच्या घरी आरोग्य कार्यकर्त्या दोन वर्षं आठवड्याला तासभर जायच्या, टाकाऊ डबे-झाकणांची खेळणी करून आईला बाळाशी खेळायला शिकवायच्या. ती मुलं बावीस वर्षांची झाली तेव्हा, ज्यांच्या घरी असं कुणी गेलं नव्हतं त्यांच्यापेक्षा त्यांची कमाई २५ टक्के जास्त होती आणि मारामाऱ्या कमी. अंगणवाडीताईंच्या वहीतलं काम हेच आहे. त्याला रकाना मिळाला पाहिजे, आणि त्यासाठी त्यांच्या डोक्यावरचं बाकीचं ओझं उतरवलं पाहिजे.

आटपाडीची आज्जी

नातीकडनं लिहून घेतीया. तुम्ही सगळी आज्जी आज्जी म्हणताय, बरं वाटलं. पण आज्जीला कुणी इचारलं का? माझ्याजवळ दोन नातवंडं ठेवली, एक सवा वर्साचं, एक चार वर्साचं. माझं गुडघं गेल्यात. म्हातारा अंथरुणाला. म्हस हाय, वैरण हाय. पोरगं रडलं की मी मोबाईल देत्ये, न्हाईतर चुलीजवळ जातंय. पैसं येत्यात, फोन येत्यात. पर फोनवर लेक म्हनतो, पोराला रडवू नगंस. कसं न्हाई रडवायचं? रातच्याला दोघं कुशीत असत्यात, एवढंच मला जमतंय.

माणदेशी मास्तर

आज्जी, नमस्कार करतो तुम्हाला. रात्री दोघं कुशीत असतात, हे लहान काम नाही.

मला वाटतं, या सगळ्या चर्चेत सगळ्यांत आधी धरायचा मुद्दा आज्जींनीच सांगितला. पोराला सांभाळणाऱ्याला कोण सांभाळतं? आई खचलेली, आज्जी थकलेली, बहीण लहान, सेविका रकान्यांत अडकलेली. आपण चौदाव्या वर्षी पोराला धरून जाब विचारतो, पण त्याच्या पहिल्या वर्षी या बायकांच्या मदतीला कोण होतं हे विचारत नाही. बाप तर या धाग्यावर अजून फारसे आलेलेच नाहीत.

गलाई कोइमतूर

बाप आलाय सर. कालपासून वाचतोय.

माझा मुलगा साडेतीन वर्षांचा. दीड वर्षाचा असताना गावी माझ्या आईजवळ ठेवला. इथं दुकानाच्या मागंच राहायची खोली, भट्टी पेटलेली, ॲसिडचा वास, त्याला धाप लागायची. ठेवण्यावाचून इलाज नव्हता. आता जरा लांब चांगली खोली घेतलीय. जूनमध्ये इथं शाळेत घालायचा विचार आहे. घरच्यांचं म्हणणं दिवाळीलाच घेऊन येऊ. गावात काहीजण सांगतात, आज्जीला सोडताना फार आकांत करेल, रात्री झोपेत उचला आणि गाडीत बसवा, दोन दिवसांत विसरतो. गेल्या दिवाळीला आम्ही आलो तर तो माझ्याकडं आलाच नाही, आज्जीच्या पदरामागं लपला. नीट कसं न्यायचं तेवढं सांगा.

कृष्णाकाठ

दादा, झोपेत अजिबात उचलू नका. जागा झाल्यावर त्याचं सगळं जग गेलेलं असेल आणि कुणी सांगितलेलंही नसेल. जेम्स रॉबर्टसन यांनी १९५० च्या आसपास इस्पितळात एकट्या राहिलेल्या लहान मुलांना बारकाईनं पाहिलं होतं. आधी मूल आकांत करतं, मग मलूल होतं, मग गप्प आणि शहाणं दिसायला लागतं. घरचे म्हणतात, विसरला, रुळला. खरं तर त्यानं आशा सोडलेली असते. मास्तरांच्या वर्गातलं ते ‘काहीच न उमटणारं’ पोर आठवा.

आज त्याचं बिलगायचं माणूस तुमची आई आहे. पदरामागं लपला, हे चांगलं लक्षण आहे, त्याला लपायला जागा आहे. तेव्हा एक ताटातूट भरून काढताना दुसरी घडवायची नाही. जमत असेल तर आधी वहिनींनी गावी येऊन राहावं, महिना-दोन महिने. आल्या आल्या पोराला ओढून कुशीत घ्यायचं नाही. आज्जी भरवत असेल तर आईनं शेजारी बसायचं. मग एक घास आईचा. आंघोळ, मग झोपताना गोष्ट. ‘ही तुझी आई, जा तिच्याकडं’ असं दहादा म्हणू नका. नेताना आज्जी बरोबर आली आणि तिथं थोडे दिवस राहिली तर उत्तम. परत निघताना तिनं सांगून निघायचं, रडला तरी सांगून. आणि ती गेल्यावर रोज ठरल्या वेळी फोन.

नेल्यानंतर तो हट्टी होईल, कदाचित अंथरूण ओलं करेल, तुम्हाला मारेलही. तेव्हा पोरगं बिघडलं म्हणून त्याला परत गावी पाठवू नका. तो तपासून बघत असतो, ही माणसं टिकणार का.

माणदेशी मास्तर

मॅडम, माझ्या नववीतल्यांसाठीही दोन शब्द लिहा.

कृष्णाकाठ

थोडक्यात लिहिते, कारण ब्लेड लावून घेणाऱ्या मुलीसाठी इथं लिहून भागणार नाही. तिला एकटीला, त्याच दिवशी, न ओरडता विचारा. घरच्यांना विश्वासात घ्या आणि मानसोपचारतज्ज्ञांकडं पाठवा. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनवर, १४४१६ ला, मोफत, मराठीत बोलता येतं. कुणी मुलाला इजा करत असेल तर चाइल्ड हेल्पलाइन १०९८.

बाकीच्यांबद्दल. टेरी मॉफिट यांनी १९९३ मध्ये एक भेद मांडला. बहुतेक पोरांचा दांडगटपणा किशोरवयात येतो आणि ओसरतो. थोड्यांचा अगदी लहानपणापासून चालत आलेला असतो. तुमचा ‘कुणाजवळ होता’ हा प्रश्न दुसरा गट ओळखायला उपयोगी आहे, फक्त तो चौकशीसारखा विचारू नका. ऐकू येतं का, वाचता येतं का, अतिचंचलता आहे का, हेही तपासून घ्या. जन्मतःच वेगळ्या घडणीची मुलं असतात, सगळं घरावर ढकलणं अन्याय आहे. आणि दाखला हातात देणं थांबवा. ज्याला आजवर प्रत्येक ठिकाणाहून हलवलं गेलं त्याला शाळेनंही हलवायचं, ही त्याच्या ओळखीचीच शिक्षा आहे. एका शिक्षकानं एक पोर घ्यायचं, रोज दोन मिनिटं बोलायचं, पेपरच्या मार्कांबद्दल सोडून.

जुना पैलवान

मारण्याचं अजून पूर्ण पटलं नाही. पण आमच्या तालमीत असं एक पोरगं येतंय, वस्तादांशी बोलतो. त्याला काढून टाकायचं चाललं होतं.

गलाई कोइमतूर

घरी बोलणं झालं. दिवाळीआधीच मिसेस गावी येतीय, संक्रांतीपर्यंत राहील. दुकानावर भाऊ आहे, जेवणाचं मी बघतो. आईला इकडं आणायचं तर वडिलांचं कोण बघणार हा प्रश्न होता, थोरल्या बहिणीनं महिनाभर येते म्हणून सांगितलंय. मधल्या काळात त्याचं अंगणवाडीचं नाव काढावं लागेल का?

पलूसची अंगणवाडीताई

नाव आत्ता काढू नका दादा. संक्रांतीपर्यंत तो गावच्या केंद्रात येऊ दे, वहिनींना सोडायला-आणायला पाठवा, त्या निमित्तानं दोघांचा रोजचा एक रस्ता होईल. निघताना सेविकेकडून लसीकरणाचं कार्ड आणि त्याची वजन-उंचीची नोंद घेऊन जा. अंगणवाडी तमिळनाडूतही आहे, तिथं घराजवळच्या केंद्रात नाव घालता येतं. भाषा येत नाही म्हणून जूनपर्यंत घरात बसवू नका. पहिले काही दिवस वहिनींना आत त्याच्याजवळ बसू द्या म्हणून सांगा. बसू देतात, विचारावं लागतं.